म्हातारपणाची केवायसी

सरकारदरबारी माणूस एकदम म्हातारा होत नाही. त्याला हप्त्याहप्त्याने म्हातारं करतात. राज्य सरकारची कारकुनी केली असेल तर ५८व्या वर्षी घरी बसवतात, पण तेव्हा तो म्हातारा नसतो, नुसता निवृत्त असतो. आयकर खातं ६०व्या वर्षी त्याला ज्येष्ठ म्हणतं आणि ८०व्या वर्षी अतिज्येष्ठ. एसटीला ६५व्या वर्षी त्याची दया येते आणि ती अर्धं तिकीट घेते. ७५ पूर्ण झाली की, २६ ऑगस्ट २०२२ पासून, तिकीटच घेत नाही. रेल्वेसुद्धा साठीपासून सवलत द्यायची. मार्च २०२०मध्ये करोनाचं निमित्त झालं, सवलत बंद पडली, आणि तेव्हापासून रेल्वेच्या मते या देशात कुणीच म्हातारं नाही. निवडणूक आयोग ८५ ओलांडली की मतपेटी घेऊन घरी येतो. आणि दवाखान्याचं म्हातारपण ७०व्या वर्षी लागतं.

मी भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीत राहतो आणि आधारप्रमाणे मला ७२ झाली. म्हणजे माझी अवस्था अशी की, दवाखान्यात मला पाच लाखांपर्यंत फुकट झोपता येतं, पण तिथं जायला एसटीत अर्धं तिकीट काढावं लागतं. तीन वर्षांनी जाणं-येणंही फुकट होईल. तेव्हा मोठं दुखणं शक्यतो तोवर पुढे ढकलावं, असा माझा विचार आहे. राइस मिलमध्ये दिवाणजी म्हणून जन्म गेला. धान गेलं, पोती गेली, हिशेबाची सवय काही जात नाही.

योजना चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाही तर लोक म्हणतील, म्हातारा फुकटचं घेतो आणि वर कुरकुरतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी ठरवलं की, ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतखाली वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतील. उत्पन्नाची अट नाही. शेत किती, घर कौलारू की स्लॅबचं, काही विचारायचं नाही. आमच्यासारख्यांना हा मोठाच सन्मान. कारण एरवी सरकारी योजनेत शिरताना माणसाला आपण पुरेसे गरीब आहोत हे सिद्ध करावं लागतं, आणि ते सिद्ध करण्याचा खर्च परवडत नाही. शिवाय जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले. रक्तदाब, साखर, हृदय, जे काय आयुष्यभर कमावलं असेल ते सगळं चालतं.

खाजगी विम्याचा एक पोरगा माझ्याकडे यायचा. त्याच्या कंपनीत जुन्या आजाराला तीन वर्षं थांबावं लागायचं. मी म्हटलं, मी थांबतो बापा, आजाराला कोण सांगेल? त्यावर त्याने मला हप्त्याचा आकडा दाखवला. आकडा पाहून जो आजार मला तोवर नव्हता, तोही झाल्यासारखं वाटलं.

मंत्रिमंडळाने आकडेही दिले होते. साडेचार कोटी कुटुंबं, त्यातले सहा कोटी ज्येष्ठ, आणि सुरुवातीची तरतूद ३,४३७ कोटी. मी पाठकोऱ्या कागदावर भागाकार मांडला. डोईला ५७३ रुपये येतात. म्हणजे पाच लाखांचं वचन आहे, पण आमच्यापैकी बहुतेकांनी धडधाकट राहावं अशी अपेक्षा आहे. विम्याचं गणित असंच असतं, त्यात गैर काही नाही. फक्त धडधाकट ठेवण्याची व्यवस्था कुठल्या खात्याकडे आहे, ते कागदात सापडलं नाही.

असो. २९ ऑक्टोबर २०२४, धनत्रयोदशी, धन्वंतरीचा दिवस. त्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते योजना सुरू झाली आणि कार्डाला नाव मिळालं आयुष्मान वय वंदना. वयाचा पुरावा एकच, आधार. दुसरं काही चालणार नाही. आणि बरोबर पाच दिवस आधी, २४ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या खटल्यात सांगितलं होतं की, वय ठरवायला आधार हा धड पुरावा नाही. त्यापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरा. न्यायालयाने हे आपल्या मनाने सांगितलं नव्हतं. आधारवाल्यांनीच डिसेंबर २०२३मध्ये तसं पत्रक काढलं होतं. हल्ली नवं आधार छापून आणलं तर त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की, हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही.

तर आधार सांगतं, माझ्यावर विसंबून वय ठरवू नका. सर्वोच्च न्यायालय सांगतं, त्याच्यावर विसंबू नका. आणि योजना सांगते, आम्ही फक्त त्याच्यावरच विसंबणार. मला तिघांचंही पटतं.

शाळा सोडल्याच्या दाखल्याबद्दल मात्र न्यायालयाचा थोडा गैरसमज दिसतो. आमच्या पिढीच्या जन्मतारखा आईच्या नव्हे, गुरुजींच्या पोटी जन्मल्या आहेत. पोराला शाळेत घालायला बाप न्यायचा. गुरुजी पोराकडे बघायचे, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का पाहायचे, आणि १ जून लिहून टाकायचे. साल मागचं की पुढचं, तेवढाच काय तो विचार. त्यामुळे महाराष्ट्रात जूनच्या पहिल्या तारखेला इतके वाढदिवस येतात की केक पुरत नसतील. माझाही १ जून १९५३. आई सांगायची, तू झालास तेव्हा रोवणी उरकली होती आणि पोळा तोंडावर आला होता. आता जूनच्या पहिल्या तारखेला आमच्या भागात पऱ्ह्यासुद्धा टाकलेल्या नसतात, रोवणी कुठली! पण आईकडे शिक्का नव्हता.

ज्यांच्या आधारवर नुसतं सालच आहे, त्यांची सोय योजनेने करून ठेवली आहे. त्या सालची १ जानेवारी धरायची. म्हणजे ज्याला शाळा लाभली तो जूनचा, ज्याला नाही लाभली तो जानेवारीचा. न शिकल्याचा आयुष्यात एवढा एकच फायदा, सत्तरी पाच महिने लवकर लागते.

कार्ड घरबसल्या मोबाइलवर निघतं, असं सांगतात. निघत असेलही. मी दिवाणजी माणूस, छापील कागद हातात पडल्याशिवाय मला व्यवहार झाल्यासारखा वाटत नाही. म्हणून गेलो एका सेवा केंद्रावर. मोहाडीत अशी केंद्रं बरीच. सातबारा, झेरॉक्स, पॅन, विजेचं बिल, पासपोर्ट फोटो, रेल्वेचं रिझर्व्हेशन, आणि काचेवर चिकटवलेला कागद, ‘येथे आयुष्मान कार्ड काढून मिळेल’. कार्ड मोफत आहे. कागद मोफत नाही, लॅमिनेशन मोफत नाही, आणि नंबर लागेपर्यंत ज्या टपरीवर बसायचं, तिथला चहा मोफत नाही.

केंद्रावरचा पोरगा ओळखीतला. नम्र आहे. ‘लिंक नाही जी काकाजी, दुपारून येजा,’ हे वाक्य तो इतक्या अदबीने म्हणतो की, दुपारी पुन्हा तेच ऐकायला माणूस आपण होऊन जातो.

लिंक आली तेव्हा माझ्या आधी आंधळगावाकडच्या एक आजी बसल्या होत्या. आंधळगाव कोशाच्या कापडासाठी प्रसिद्ध, पण या आजींचा जन्म बिड्या वळण्यात आणि पावसाळ्यात लोकांच्या बांधीत रोवणीला जाण्यात गेला होता. बोटं पाहिली तर सगळ्या रेषा पुसून गुळगुळीत झालेल्या. पोराने मशीन पुढे सरकवलं. लाल दिवा लागला. त्याने ओल्या फडक्याने अंगठा पुसला. लाल. कोरड्या फडक्याने पुसला. लाल. मग म्हणाला, ‘आजी, अंगठा कपायावर घासा जरासा.’ कपाळाचं तेलकट लागलं की ठसा उमटतो, ही विद्या रेशनच्या मशीनने गावोगाव शिकवली आहे. आजींनी अंगठा कपाळावर घासला, कुंकू पसरलं, मशीनवर लाल ठसा उमटला आणि दिवाही लालच लागला.

‘अंगठा नीट ठेवा ना आजी.’

‘ठेवूनच तं राहिली बापा. आता काय तोडून देऊ?’

मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. दहाही बोटांनी ही बाई आम्हाला ठाऊक नाही म्हणून सांगितलं. आयुष्यभर बोटं झिजवली म्हणून म्हातारपणी मदत. आणि बोटं झिजली म्हणून मदत अडली. विधानसभेला, २० नोव्हेंबर २०२४ला, याच आजींच्या बोटाला शाई लावली तेव्हा रेषा कुणी तपासल्या नव्हत्या. शाई गुळगुळीत बोटावर जास्तच चांगली बसते.

माझी पाळी आली. मला पोराने ओटीपीचा मार्ग सुचवला, त्यात बोट लागत नाही. आधारला जोडलेला नंबर माझ्या मुलाचा, आणि मुलगा पुण्याला. ओटीपी पुण्याला गेला, मी मोहाडीत. फोन लावला.

‘आलेला नंबर सांग.’

‘कोण बोलतंय?’

‘अरे, मी बोलतोय. तुझा बाप.’

‘नंबर अनोळखी दिसतोय.’

‘केंद्रावरच्या पोराचा आहे. माझ्या फोनचं चार्जिंग संपलं.’

पलीकडे शांतता. मुलगा बँकेत आहे. अशाच फोनवरून म्हाताऱ्यांचे पैसे कसे उडवतात, यावर तो दर महिन्याला लोकांना व्याख्यान देतो. म्हणाला, ‘तुम्ही खरंच बाबा असाल तर आईचं माहेर सांगा.’

मी म्हटलं, ‘करडी.’

‘आजोबांच्या बैलाचं नाव?’

तेही सांगितलं. तेव्हा कुठे त्याची खात्री पटली. पण तोवर ओटीपीची मुदत संपली होती. सरकारच्या केवायसीआधी मी पोटच्या पोराची केवायसी पास झालो, तेवढंच समाधान. दुसऱ्यांदा ओटीपी मागवला, तेव्हा तो मीटिंगमध्ये होता.

‘फेस करू जी काकाजी,’ पोरगा म्हणाला. म्हणजे चेहरा दाखवून ओळख पटवायची. ही सोय खास आमच्यासारख्या झिजलेल्या बोटांच्या लोकांसाठी आहे, आणि ती खरोखर चांगली आहे, असं मी नंतर शांतपणे विचार करून ठरवलं. त्या वेळी तसं वाटलं नाही. केंद्रात उजेड कमी. मोबाइलच्या पडद्यावर एक गोल येतो, त्यात चेहरा बसवायचा. माझा चेहरा बसत होता, पण दिसत नव्हता. म्हणून पोराने मला बाहेर आणलं. बाहेर म्हणजे तुमसरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, बारा वाजताच्या उन्हात.

‘आता डोळे मिचकवा.’

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेले. उन्हात डोळे उघडेच राहत नाहीत, तर मिचकावणार काय? मशीनला आधी उघडा डोळा हवा, मग मिटलेला, मग पुन्हा उघडा. मला तिन्ही वेळा मिटलेलाच देता येत होता. पोराने माझ्या डोक्यावर फायलीची सावली धरली. ‘मिचकवा… थांबा… मान हलवू नका… पुन्हा मिचकवा.’ मोहाडीच्या मुख्य रस्त्यावर, वयाच्या ७२व्या वर्षी, मी एका तरुण पोराकडे पाहून डोळे मिचकावत उभा होतो. चौंडेश्वरीचं दर्शन घेऊन बाया परतत होत्या. त्यातल्या एकीने पदर सावरून वाट बदलली. मिलमधला जुना हमाल सायकलवरून चालला होता. त्याने आधी रामराम केला, मग मागे वळून पाहिलं, आणि पॅडल जोरात मारलं. संध्याकाळपर्यंत गावात काय पोचलं असेल, त्याची चौकशी मी केली नाही.

एवढं करून पडद्यावर आलं, चेहरा जुळत नाही.

आता हे खरं होतं. आधारवरचा फोटो पहिल्या खेपेचा, म्हणजे केस काळे, दात जागेवर, गाल भरलेले. मशीनने त्या माणसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि प्रामाणिकपणे सांगितलं की, हा तो नव्हे. हा बराच म्हातारा दिसतो. मी म्हातारा झालो होतो, म्हणूनच म्हातारा असल्याची खात्री पटत नव्हती. मशीनला एवढं कळलं होतं, तर तेवढ्यावरच कार्ड द्यायला हरकत नव्हती.

इथे मला एसटीच्या कंडक्टरबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत. तो धावत्या गाडीत, एका हाताने दांडा धरून, आधार बघतो, तोंड बघतो आणि अर्धं तिकीट फाडतो. त्याला लिंक लागत नाही. त्याने मला कधी डोळा मारायला सांगितलं नाही. वय ओळखण्याचं हे तंत्रज्ञान महामंडळाकडे पूर्वीपासून आहे. केंद्र सरकारने ते मागून घ्यावं.

तर मग आधी आधारमध्ये नवा फोटो, नवा मोबाइल नंबर. ते काम वेगळ्या केंद्रावर. तिथला नंबर वेगळा, टपरी वेगळी, चहा बरा. जन्मतारीख बदलता का, असंही तिथल्या बाईंनी सहज विचारलं. ती आयुष्यात एकदाच बदलता येते म्हणे, आणि कागद लागतो. पोळ्याचा दाखला कोण देतं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

फोटो बदलून आल्यावर पुढचा अर्ज उघडला. पिन कोड, प्रवर्ग, घरात कोण कोण. मग एक प्रश्न, तुम्हाला केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना, माजी सैनिकांची योजना किंवा सशस्त्र पोलिसांची योजना लागू आहे का? असेल तर दोन्हींपैकी एकच निवडा, निवड पक्की समजली जाईल. मी पोराला म्हटलं, मी फक्त मिलमध्ये होतो. तो म्हणाला, ‘तरी टिक करावं लागते.’ आयुष्यात तीन मोठ्या सरकारी नोकऱ्या आपल्याला लागल्या नाहीत, हे मी तीन ठिकाणी टिक करून मान्य केलं.

आणि कार्ड आलं. निळसर, फोटोसकट. फोटो आताचा असल्याने कुणाला दाखवावासा वाटत नाही, पण नाव बरोबर आहे.

गावात त्यानंतर कार्डांचा जो घोळ सुरू झाला, तो मात्र माझ्या आटोक्याबाहेरचा. शेजारचे एक गृहस्थ सांगू लागले, माझ्याकडे आधीपासूनच आहे. पाहिलं तर ते आभा कार्ड. त्यावर १४ अंकी नंबर असतो आणि त्यात आपल्या तपासण्यांची नोंद ठेवता येते; पैसे म्हणाल तर एक रुपयाही मिळत नाही. दुसऱ्यांकडे आयुष्मानचं जुनं कार्ड, २०११च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत कुटुंबाचं नाव निघालं म्हणून मिळालेलं. तिसऱ्यांकडे महात्मा फुले योजनेचा कागद. चौथे एक जण ई-श्रम कार्ड छातीशी धरून होते. सगळी कार्डं एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची, आणि दवाखान्यात पिशवीच पुढे करायची, असा पारावर निर्णय झाला. त्यांना जे चालेल ते त्यांनी काढून घ्यावं.

या चर्चेत मला माझ्याबद्दलची एक बातमी कळली. राज्याची राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ला उरलेल्या सगळ्या महाराष्ट्रात, म्हणजे भंडाऱ्यातही. पिवळं आणि केशरी रेशनकार्ड असलेल्यांना वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार. २०१७मध्ये तिचं नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, २०२०मध्ये ती आयुष्मानशी जोडली, आणि १ जुलै २०२४पासून ती रेशनकार्डाचा रंग न पाहता सगळ्यांना पाच लाखांपर्यंत झाली. माझं रेशनकार्ड केशरी. म्हणजे मी २०१३पासून विमाधारक होतो. इतकी वर्षं मी जो बिनविम्याचा जीव मुठीत धरून जगलो, दर खोकल्याला घाबरलो, मोटारसायकलवर मागे बसणं टाळलं, ते सगळं विम्याच्या छत्राखाली चाललं होतं. आणि त्या योजनेला काय लागत होतं? रेशनकार्ड आणि फोटो असलेलं कुठलंही ओळखपत्र. डोळा नाही, बोट नाही, बैलाचं नाव नाही.

सरकारने मला हे कळवलं नाही, अशी माझी तक्रार नाही. कळवलं असणार, कुठल्या तरी बसस्टँडवरच्या फलकावर. त्या फलकावर नेत्यांचे फोटो एवढे होते की, मी तो वाढदिवसाचा समजलो असेन.

आता प्रश्न उरला वापरण्याचा. मला दुखतं काय? गुडघे, कंबर, आणि रात्री तीनला उघडणारी झोप. राज्याच्या योजनेत उपचारांची भली मोठी यादी आहे. केंद्राचीही यादी तशीच मोठी. मी आशेने विचारलं, यात गोळ्या बसतात का? रक्तदाबाच्या, साखरेच्या? बसत नाहीत. योजना भरती झालेल्यासाठी आहे. भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि सुट्टीनंतरचे १५ दिवस औषधं मिळतात. मधे मात्र माणूस आत पाहिजे. रोज थोडंथोडं दुखणाऱ्याला जागा नाही. एकदम जोरात दुखलं पाहिजे, यादीतल्या नावाने दुखलं पाहिजे, आणि यादीतल्या दवाखान्याजवळ दुखलं तर उत्तम.

गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, हे न्यायाला धरून सांगितलं पाहिजे. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत चिठ्ठीचे पैसेही घेत नाहीत. त्या गोळ्या घ्यायला मी जातो, रांगेत उभा राहतो, आणि गुडघ्याच्या गोळ्या घेण्यासाठी गुडघ्यांवर जेवढा वेळ उभं राहावं लागतं, तेवढ्याने पुढच्या महिन्याच्या गोळ्यांची सोय होते.

मोठं काही झालं तर भंडारा, नाही तर नागपूर. मोहाडीत माणूस सिरियस झाला की ‘नागपूरला हलवा’ हे वाक्य गावातला कुणीही म्हणू शकतो, त्याला डॉक्टर लागत नाही. योजनेतला दवाखाना असेल तर दारातच आरोग्यमित्र नावाचा माणूस टेबल टाकून बसलेला असतो. त्याला शोधायचं, कार्ड दाखवायचं, तो ओळख पटवतो, मंजुरी मागवतो. कोणता दवाखाना योजनेत आहे आणि कोणत्या आजारासाठी आहे, हे जायच्या आधी १४५५५ किंवा राज्याच्या १५५३८८ नंबरवर विचारावं, असं सांगतात. छातीत कळ आलेल्या माणसाने ही चौकशी डाव्या हाताने करायची की उजव्या, तेवढं लिहिलेलं नाही. आणि खरी धास्ती मला वेगळीच आहे. तिथंही ओळख पटवायची असते. स्ट्रेचरवर आडवा असताना कुणी डोळे मिचकवा म्हटलं आणि मी ते नीट केलं, तर नातेवाईक काय समजतील, आणि नीट नाही केलं, तर दवाखाना काय समजेल?

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. त्याच्या सासऱ्यांचं तिथलं मेडिकेअर सुरू करायचं होतं, तेव्हा तो म्हणाला, मामा, इकडेही सोपं नाही. ६५च्या आगेमागे सात महिन्यांची मुदत असते, त्यात नाव घातलं नाही तर हप्त्यावर कायमचा दंड बसू शकतो. म्हातारपणाचे त्यांनी ए, बी, सी, डी असे भाग पाडलेत, एकात दवाखाना, दुसऱ्यात डॉक्टर, चौथ्यात औषधं. मला ऐकून बरं वाटलं. पण त्याचा कायदा झाला तो दिवस बघा. ३० जुलै १९६५ला अध्यक्ष जॉन्सन सही करायला स्वतः मिसूरीत माजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या गावी गेले आणि पहिलं कार्डही त्यांनाच मिळालं. ट्रुमन तेव्हा ८१ वर्षांचे. कार्ड गावापर्यंत आलं. अर्थात त्यासाठी आधी देशाचा अध्यक्ष व्हावं लागतं. आणि मी म्हटलंच, मी फक्त मिलमध्ये होतो.

आंधळगावाकडच्या आजींचं काय झालं, ते केंद्रावर गेलो की विचारतो. त्यांच्या घरचं कुणी डोळ्यांच्या बुबुळाचं मशीन असलेल्या केंद्रावर घेऊन गेलं, असं पोरगा म्हणाला. काम झालं की नाही, ते त्यालाही माहीत नाही. लिंक नव्हती.

घरी मी कार्ड पत्नीला दाखवलं. तिची सत्तरी पुढच्या वर्षी लागते. तिचा जन्मसुद्धा गुरुजींनी १ जूनलाच उरकलेला. मी तिला नियम समजावून सांगितला. ज्या कुटुंबाला आयुष्मान आधीपासून आहे, त्यातल्या सत्तरीपुढच्यांना वेगळे पाच लाख. पण घरात सत्तरीपुढचे दोघं असतील, तर ते पाच लाख दोघांत मिळून. एकाने जास्त वापरले की दुसऱ्याला कमी उरणार. वर्ष बदललं की पुन्हा नवे.

तिने कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं. मिलचा पगार मी ४० वर्षं तिच्या हातात दिला आणि ४० वर्षं तो तिला महिनाअखेर पुरवावा लागला. ती म्हणाली, ‘मग अडीच लाख माझे आतापासूनच बाजूला टाका. तुमच्या हातात पैसा टिकत नाही.’

मी म्हटलं, हे पैसे तसे हातात येत नसतात.

‘म्हणूनच म्हणते,’ ती म्हणाली, आणि कार्ड तांदळाच्या डब्यात, तिने बाजूला टाकलेल्या पैशांशेजारी ठेवून दिलं.